दगड फोडणारे हात आणि न बोलणारे मन

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव मागे पडले की आटगाव येते. एकीकडे माहुलीचे सुळके दिसतात, दुसरीकडे तानसाचे जंगल लागते. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आहे. पाण्यामागोमाग शहापूर तालुक्यातून दगडही गेला. सह्याद्रीचा हा काळा पाषाण सुरुंगाने फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, त्याची खडी आणि भुकटी डंपरमध्ये भरून रस्त्यांच्या व इमारतींच्या कामांवर पाठवायची, हा धंदा महामार्गाच्या आजूबाजूला अनेक वर्षे चालत आला आहे. आम्ही ज्या उर्दू शाळेत शिकवतो तेथे येणाऱ्या काही मुलांचे वडील याच कामावर असतात. कुणी ड्रिल मारतो, कुणी डंपर चालवतो, कुणी क्रशरवर वेल्डिंग करतो.

या लेखाचा विषय मात्र साहित्याचा आहे. खाणीत आणि खदानीत राबणाऱ्या माणसाचे हात आपल्या साहित्याने पुष्कळ पाहिले. त्याचा घाम, त्याची भूक, त्याची जखम, त्याचा मृत्यू यांवर लिहून झाले. त्याच्या मनाचे काय होते हे लेखकांनी क्वचित विचारले, आणि ज्यांनी विचारले त्यांचे आपण वाचकांनी नीट ऐकले नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते आम्ही चार कलाकृतींच्या आधारे मांडणार आहोत. त्याआधी आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे, कारण हा सगळा विचार त्या चुकीतून सुरू झाला.

आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. तो फार मोठ्याने बोलायचा. साधे पाणी प्यायला जाऊ का विचारायचे तरी ओरडून विचारायचा. आम्ही त्याला अनेकदा रागावलो, एकदोनदा बाकावर उभेही केले. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर दिलेला असूनही मूल का ओरडते हे त्याला विचारावे, एवढे आम्हांला सुचले नाही. एकदा 'मेरे अब्बू' या विषयावर निबंध दिला. इतरांनी पानभर लिहिले, याने चारच ओळी लिहिल्या. त्यात लिहिले होते की अब्बू घरी आल्यावर कुणाशी बोलत नाहीत.

म्हणून एका रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील दाराशी बसले होते. आम्ही सलाम केला, त्यांनी उत्तर दिले नाही. पुन्हा केला, तरी नाही. ज्या माणसाला सलामाचा जवाब देण्याची रीत नाही तो एक तर घमेंडी असेल नाही तर नशेत असेल, असा निष्कर्ष आम्ही जागच्या जागी काढला. तेवढ्यात आतून त्यांची पत्नी आली. हे कुटुंब गुलबर्ग्याकडचे. ती म्हणाली, "सर, उनकू सुनने में नै आता. मशीन बंद हुई तो भी कान में चलतीच रैती बोलते. रात कू उठ के बैठते." अकरा वर्षे त्या माणसाने ड्रिल मारले होते. तो दोन्ही हात काखेत धरून बसला होता, कारण बाहेर काढले की ते थरथरत होते. मुलगा आला, वडिलांच्या कानाशी ओरडून म्हणाला, "अब्बू, सर आये!" तेव्हा आम्हांला वर्गातले ते ओरडणे समजले.

आम्ही काय केले? त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने "सब्र कीजिए" म्हटले आणि चहा पिऊन परत आलो.

न बोलणारा खाणकामगार जगाच्या साहित्याला नवा नाही. एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराच्या 'जर्मिनल' (१८८५) मध्ये बोनमोर नावाचा म्हातारा आहे. लहानपणापासून जवळजवळ पन्नास वर्षे त्याने कोळशाच्या खाणीत काढली. खोकला आला की तो काळे थुंकतो. शेवटी तो खुर्चीला खिळतो, एक शब्द बोलत नाही. खाणीच्या भागधारकाची मुलगी दानधर्म करायला त्याच्या घरी येते, आणि हा म्हातारा तिचा गळा दाबून जीव घेतो. वाचणाऱ्याला धक्का बसतो, पण झोलाने त्या धक्क्याची तयारी पहिल्या प्रकरणांपासून केलेली आहे. हे वेड एका क्षणात आलेले नाही, पन्नास वर्षांत थराथराने साठलेले आहे, हे तो दाखवतो. माणसाच्या शांतपणाला आपण समंजसपणा समजतो. त्या शांतपणात काय साठले आहे हे विचारण्याची तसदी कुणी घेत नाही. आम्हीही त्या दाराशी घेतली नव्हती.

आता आपल्या मराठीकडे येऊ. दगडाच्या खाणीवर मराठीत एक फार मोठी कथा आहे, आणि ती खाणीवर आहे हेच आपण विसरलो आहोत. ती म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. कथेचा नायक भीमा हा वारणेकाठचा धिप्पाड गडी. पोटासाठी तो मुंबईला येतो, काम मिळत नाही म्हणून उपनगरात जंगलाच्या कडेला येऊन राहतो आणि तेथे त्याला दगडाच्या खाणीत काम मिळते. अंगात रग असते, तो जीव तोडून राबतो. पण सहा महिन्यांत खाण बंद पडते. घरी बायको आणि लहान मुलगी. कामाच्या शोधात भटकताना एका चितेच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते, आणि तेथून तो राख चाळणारा, पुढे प्रेते उकरणारा माणूस बनतो. एका रात्री प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंज होते, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि शेवटी दोन बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू होणार. हे ऐकून हा पहाडासारखा माणूस लहान मुलासारखा रडतो.

या कथेची चर्चा नेहमी भुकेची कथा म्हणून होते. ती भुकेची आहेच. पण आमचा प्रश्न असा की भीमा शेवटी कशासाठी रडतो? भुकेसाठी रडायचे असते तर तो आधीच रडला असता. आता तर पोट भरण्याचे काम पुन्हा हाताशी आलेले आहे. तो रडतो त्या बोटांसाठी. दगड फोडणारी बोटे हीच त्याची ओळख होती, त्यांच्या जोरावर तो माणसांत माणूस म्हणून उभा होता. खाण बंद पडली तेव्हा पगार गेलाच, पण दिवसा काम करून रात्री निजणारा माणूसही गेला. रात्री जागणारा, स्मशानात फिरणारा आणि स्वतःच्या कृत्याचे समर्थन स्वतःशीच करीत राहणारा दुसरा माणूस तयार झाला. बायकोला जी भुताची भीती वाटते ती खरे पाहता नवऱ्यात होत चाललेल्या या बदलाची भीती आहे. आज ज्याला आपण मानसिक आरोग्य म्हणतो त्याचा आलेख अण्णाभाऊंनी एकही वैद्यकीय शब्द न वापरता काढला आहे. टीकाकारांनी त्यात वर्गसंघर्ष पाहिला, विद्रोह पाहिला. एका खाणकामगाराचे काम सुटल्यावर मन कसे ढासळत जाते, ते पाहिले नाही.

एक उणीवही नोंदवली पाहिजे. ज्या सहा महिन्यांत भीमा खाणीत राबतो ते सहा महिने कथेत फार थोडक्यात येतात. तेथे त्याला काय वाटत होते, सुरुंगाचा बार होताना छातीत काय होत होते, हे अण्णाभाऊ सांगत नाहीत. कथेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्यामुळे खाणीतले काम म्हणजे सुख आणि खाण बंद होणे म्हणजे दुःख, एवढेच वाचकाच्या मनावर ठसते. काम चालू असतानाही मन झिजते, ही गोष्ट लिहायची राहिली.

सिनेमाने ती लिहिली का? १९७५ साली २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला येथील कोळसाखाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. या घटनेच्या आधारावर १९७९ मध्ये यश चोप्रांचा 'काला पत्थर' आला. लेखन सलीम-जावेद यांचे. आमच्या पिढीने तो टीव्हीवर कितीतरी वेळा पाहिला आहे. त्याचा नायक विजय रात्री दचकून उठतो, कुणाशी बोलत नाही, खाणीत मुद्दाम धोका अंगावर घेतो. मनाने जखमी झालेला माणूस हिंदी पडद्यावर इतक्या गांभीर्याने क्वचितच आला असेल. पण नीट पाहिले तर एक गोष्ट खटकते. विजय मुळात खाणकामगार नाही. तो जहाजाचा कप्तान होता, संकटात प्रवाशांना सोडून निघाला म्हणून बदनाम झाला, आणि स्वतःला शिक्षा म्हणून खाणीत आला. त्याच्या मनाची जखम समुद्रावरची आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोळसा काढणारे जे शेकडो लोक त्याच्याभोवती आहेत त्यांना दुःस्वप्ने पडत नाहीत. ते हसतात, गातात, भांडतात आणि बुडून मरतात. म्हणजे मनाचे दुखणे व्हायलाही माणूस आधी कप्तान असावा लागतो! ही एकट्या चित्रपटाची चूक नाही. आपण सगळेच असे मानत आलो आहोत की नैराश्य हा शिकलेल्यांचा आजार आहे आणि मजुराला फक्त थकवा येतो.

या समजुतीला आमच्या वाचनात सर्वांत मोठा छेद दिला तो एका उर्दू कादंबरीने. इलियास अहमद गद्दी हे झरियाचे लेखक. त्यांच्या 'फायर एरिया' या कादंबरीला १९९६ चा उर्दू साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. झरियाच्या जमिनीखाली १९१६ पासून कोळसा जळतो आहे. वर वस्ती, बाजार, शाळा आणि खाली आग. या भूमीवर गावाकडून पोट भरायला आलेला सहदेव नावाचा तरुण खाणीत उतरतो. खासगी मालकांचा काळ, सावकार, पहिलवान, युनियन आणि १९७० च्या दशकातील राष्ट्रीयीकरणानंतरची माफियाशाही असा मोठा पट या कादंबरीत आहे. आमच्या दृष्टीने तिचे खरे मोल मौनाच्या चित्रणात आहे. खाणीत मेलेल्या सोबत्याचा मृत्यू दडपला जातो आणि ज्याला तो ठाऊक आहे त्याला गप्प बसावे लागते. हे गप्प बसणे माणसाला आतून कसे जाळते ते गद्दींनी दाखवले आहे. जमिनीखालची आग विझत नाही, कारण तिला वाट मिळत नाही. माणसाचेही तसेच. पुढे राजकारणाचा गलका वाढतो तेव्हा हे आत डोकावणे काहीसे मागे पडते, हा कादंबरीचा दोष मानता येईल. पण कामगार हिंदू असो वा मुसलमान, त्याचे मन लिहिण्याजोगे आहे, हा विश्वास या पुस्तकात पानोपानी आहे. कादंबरीची भाषा उर्दू असली तरी तिच्या बोलण्यात खाणवस्तीची बोली मिसळलेली आहे. मराठी मुस्लिम लेखकांनी ती अवश्य वाचावी.

कोळशाला अशी कादंबरी मिळाली. खडीला मिळाली नाही. कोळशाच्या खाणीला निदान युनियन होती, कंपनीचा दवाखाना होता, अपघात झाला की चौकशी होती. दगडाची खदान मात्र रस्त्याच्या कडेला असूनही कुणाला दिसत नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी 'वडार वेदना' लिहून दगडाशी बांधलेल्या समाजाची व्यथा मराठीत आणली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण आमच्या मुस्लिम मराठी साहित्याचे काय? १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण ओळखीवर लिहिले, संशयावर, दंगलीवर, तलाकवर लिहिले. ते लिहिणे आवश्यक होते. त्याच्याही आधी शाहीर अमर शेख यांनी कष्टकऱ्यांचा आवाज डफावर घेतला होता. बार्शीच्या एका गरीब मुस्लिम घरातला हा माणूस अण्णाभाऊंचा सोबती, आणि दोघेही १९६९ सालीच गेले. शाहिरीने आपल्याला आवळलेली मूठ दिली. पण हीच मूठ संध्याकाळी घरी येऊन उघडते तेव्हा तिच्यातली बोटे थरथरतात, भाकरीचा तुकडा हातातून पडतो आणि पोरांसमोर पडला म्हणून बापाला राग येतो. हा प्रसंग शाहिरीत बसत नाही. त्याला कथा लागते, आत्मकथन लागते. ते लिहायचे काम आपले आहे.

यात अडचण शब्दांची आहे. आपल्या घरांत मनाच्या दुखण्यासाठी शब्द नाहीत असे नाही. घबराहट आहे, उलझन आहे, वहशत आहे. मराठीत जीव घाबरा होतो, काळीज धडधडते, डोके गच्च होते. हे शब्द आपण बोलतो, पण ऐकणारा त्यांवर तीनच झाकणे ठेवतो. पहिले झाकण सब्र. दुसरे झाकण असर किंवा नजर. तिसरे आमच्या ठाणे जिल्ह्याचे खास झाकण, म्हणजे "याला ठाण्याला नेऊन टाका" ही थट्टा. १९०१ मध्ये उभ्या राहिलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे नाव आपण उपचारापेक्षा शिवीसारखे जास्त वापरले. सब्र ही मोठी गोष्ट आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. पण सब्र हा ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याला तो सांगून आपण मोकळे झालो तर तो सब्र राहत नाही, टाळाटाळ होते. सुटीच्या दिवशी कितीतरी कामगार हाजीमलंगचा डोंगर चढतात. तेथे त्यांना दोन घटका कुणी हटकत नाही, बसू देते. त्या बसण्यालाही आम्ही अंधश्रद्धा म्हणून हसणार नाही. मात्र तेथून उतरल्यावर कानाच्या आणि मनाच्या डॉक्टरकडे नेणारा कुणी असावा, एवढे म्हणू.

कारण हा आजार केवळ मनात उगवलेला नाही. वर्षानुवर्षे ड्रिलचा आणि क्रशरचा आवाज ऐकून कानाची आतली नस मरते, ती परत येत नाही. कानात घुंई सुरू राहते, झोप मोडते. थरथरणारे यंत्र धरून बोटांतल्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात. ज्याला ऐकू येत नाही तो बोलणे टाळतो, टाळता टाळता एकटा पडतो, आणि लोक त्याला माथेफिरू ठरवतात. यात भर उचलीची. हंगामाआधी घेतलेले पैसे फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. फरिदाबादच्या दगडखाणींविषयी बंधुआ मुक्ती मोर्चाने केलेल्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली निकाल दिला. जबरदस्तीचे काम दिसले की त्यामागे उचलीचे बंधन आहे असे गृहीत धरावे, हे न्यायालयाने त्यात मान्य केले. न्यायालयाने जी साखळी ओळखली ती मनालाही बांधते, हे लेखकाने ओळखायला नको का?

आमच्याच तालुक्यातले आणखी एक उदाहरण. ३१ जुलै २०२३ च्या रात्री सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे यंत्र कोसळले आणि वीस जण गेले. मृतांची नावे छापून आली, भरपाई जाहीर झाली. ५ जून २०२५ रोजी महामार्गाचा शेवटचा टप्पा आमच्या शहापुरातून खुलाही झाला. पण त्या रात्री तेथे काम करीत असलेले आणि वाचलेले जे होते त्यांना नंतर झोप लागली का, हे कुणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही. वर्तमानपत्र मेलेल्यांना मोजते. जिवंत राहिलेल्यांना मोजणे साहित्याचे काम आहे.

सरकारने काही केलेच नाही असे आम्ही म्हणत नाही. २०१७ च्या कायद्याने मनाच्या उपचाराचा हक्क दिला. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा फोन आहे, त्यावर मराठीत बोलता येते. आम्ही तो वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवतो. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याने फोनवर काय बोलायचे? त्याच्यासाठी शेजारी, शिक्षक, मशिदीतला सोबती, कुणीतरी माणूसच लागतो, जो समोर बसेल, ओठ हलताना दिसतील असा बसेल, आणि थांबेल.

आमच्या मते साहित्याची कसोटीही इथेच लागते. कामगारावरची कथा हातात आली की यापुढे आपण तीन प्रश्न विचारावेत. या माणसाला रात्री झोप लागते का, हे लेखकाला ठाऊक आहे का? त्याच्या घरातले लोक त्याच्याशी कशा आवाजात बोलतात, हे लेखकाने ऐकले आहे का? आणि तो गप्प असेल तर त्याच्या गप्पपणाचा अर्थ लेखकाने शोधला, की आम्ही केले तसे घमेंड समजून परत आला? भीमाच्या रडण्याचा अर्थ आपल्याला इतक्या वर्षांनी लागत असेल, तर दोष अण्णाभाऊंचा नाही, आपल्या वाचण्याचा आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले हे वाचक विचारतील. पावसाळ्यात खदान बंद झाली आणि ते कुटुंब उठून गेले. कुठे गेले ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हते. काही महिने हजेरीपटावर त्याचे नाव राहिले, मग नियमाप्रमाणे कमी झाले. आमच्याकडे त्याचा निबंध तेवढा राहिला आहे. त्या चार ओळींखाली आम्ही तेव्हा लाल शाईने शेरा लिहिला होता, की मजकूर कमी आहे. आज वाटते, त्या विषयावर आम्ही वाचलेल्यांत तोच सर्वांत पुरा मजकूर होता. बाकीचा लिहायचे काम त्या मुलाचे नव्हते, आपले होते.